पूर्वाने मोठ्याने वाचावे

बख्शी का तालाब, जि. लखनौ
दि. १२ जून २०१६

ती. राजादादास,
लीलावतीचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक. तिकडे तू, वहिनी आणि पूर्वा खुशाल असाल. आईचं वर्षश्राद्ध नीट पार पडल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. तुझी मोटारसायकल अजून चालते का? इथे उन्हाने जीव नकोसा केला आहे. दशहरी आंबा आला आहे, गोड आहे, पण आपल्या बांधावरच्या रायवळची सर त्याला नाही. मराठी लिहायला बसलं की हिंदीच शब्द आधी हाताशी येतात, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

तू शाळेत कधी टिकला नाहीस, म्हणजे हे पत्र पूर्वाच वाचत असणार. तुझ्या पत्रातलं अक्षरही तिचंच होतं, फार वळणदार. पूर्वा, बाळ, मोठ्याने वाच. चुलीपाशी वहिनीला ऐकू गेलं पाहिजे. फोनच केला असता, पण मी काही बोलायला लागले की दादा ‘आवाज तुटतोय’ म्हणून बंद करतो.

इकडची बातमी म्हणजे दोन वर्षांपूर्वी मला सरकारची पेन्शन लागली. महिन्याला पाचशे, घरातल्या बाईच्या नावावर, थेट बँकेत. सासूला विधवेची पेन्शन आधीपासून होती, म्हणून नाइलाजाने यादीत माझं नाव घातलं. हे मला सायकलवर बसवून बँकेत घेऊन गेले. दवाखाना सोडला तर बारा वर्षांत मी पहिल्यांदा गावाबाहेर पडले. खिडकीतून बाईंनी पुकारलं, “लीलावती कौन हैं?” मी तशीच उभी. या घरात मला सगळे ‘दखिनी’ म्हणतात, माझं नाव मीच विसरले होते. ह्यांनी पैसे घ्यायला हात पुढे केला तर बाई म्हणाल्या, “पैसा इनका है, यही निकालेंगी. आप उधर बैठिए.” आणि हे खरंच जाऊन बसले! मग कागदावर परभणी बघून बाई मराठीत बोलल्या. देवयानी मॅडम, इंदिरा नगरला राहतात. आपली भाषा ऐकून मी तिथेच रडले.

पाचशे रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही. पण आता खताला पैसे हवे असले की हे मला विचारतात, “इस बार दो सौ निकाल दोगी?” पैसे काढायच्या दिवशी सासू मला आधी वाढते. बाकीचे एकोणतीस दिवस नाही वाढत, ते सोड. माझी नयना शाळेत जाते, तिची शिष्यवृत्तीही बँकेतच येते.

आता तुझ्या पत्राचं. माझं लग्न जुळवणाऱ्या त्याच लक्ष्मीकांतने पूर्वासाठी इकडचं, लखनौजवळच्या सरोजिनी नगरकडचं स्थळ आणलंय, हुंडा नको, लग्नाचा खर्चही तेच करणार. मी जाऊन घर बघून यावं, असं म्हणतोस. पुढे लिहवलंस, ‘लीलीसारखंच पोरीचंही कल्याण होईल.’

माझं कल्याण कसं झालं ते सांगायचं राहूनच गेलं.

लग्नानंतर आठव्या दिवशी रोटी करपली म्हणून ह्यांनी ताट भिरकावलं. मी म्हटलं, माझ्या भावाला बोलावते. तर हसायला लागले. “तेरे भाई को ग्यारह हज़ार गिनकर दिए हैं. वो नहीं आएगा.” मला खरं वाटलं नाही. महिन्याभराने तुझं पत्र आलं, जुनी मोटारसायकल घेतली म्हणून. तेव्हा वाटलं.

केसाने गळा कापलास माझा, दादा. एकोणीस वर्षांची होते मी. पहिलं वर्षभर सासू शेतावर जाताना बाहेरून कुलूप लावायची. विकत आणलेली शेळी कुणी मोकळी सोडत नाही. ह्यांना मी आता फार दोष देत नाही. त्यांनी निदान पैसे मोजले, तू नुसते घेतलेस.

चौदा वर्षं मी ‘सुखात आहे’ लिहीत राहिले, कारण पत्र आईला वाचून दाखवलं जायचं. आई गेली. आता कुणासाठी झाकू?

पूर्वा, थांबू नकोस. पाणी पी आणि पुढे वाच. हे तुझ्याच तोंडून वदवते आहे, त्याबद्दल मला क्षमा कर. नुसतं तुझ्या शाळेतल्या गुरुजींना कळवूनही भागलं असतं. पण मला सूड हवा होता, आणि तुझ्या बापाला दुसऱ्या कशानेही काही होत नाही. कुणी कागद हिसकावला तर दुसरी प्रत शिवाजी गुरुजींकडे धाडली आहे. लक्ष्मीकांत दारात आला तर पोलिसांत जा, असंही त्यांना लिहिलं आहे.

पेन्शनीतले निम्मे मी घरात देते, निम्मे ठेवते. कापडावर चिकनकारीचे टाके घालते त्याचे पैसेही खात्यात टाकते. मागच्या आठवड्यात अकरा हजार पुरे झाले. दादाच्या तोंडावर फेकायचे म्हणूनच साठवत होते. मग त्याचं पत्र आलं, आणि ठरवलं की त्याला दमडी द्यायची नाही. पूर्वा, तुझं शिष्यवृत्तीचं खातं आहे ना? त्याचा नंबर मॅडमच्या पत्त्यावर कळव, पत्ता मागे लिहिला आहे. पैसे तुझ्या नावावर येतील, तू गेल्याशिवाय कुणाला काढता येणार नाहीत. बारावीनंतर हवं ते शीक.

वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं की नाही, ते मी विचारत नाही. तुमची मुलगी विचारेल.

दादा, ते घर बघायला मी गेले नाही. न बघताच मला ते ठाऊक आहे. पूर्वाचा आवाज थांबला असेल तर उरलेलं तू वाच. वाचता येत नाही ना? मग तिच्या तोंडाकडे बघ.

यापुढे तुझी कुणी नसलेली,
पूर्वाची आत्या,
लीलावती