मांडीतला फोन आणि माझी खिडकी

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का, की अजून ती काढा समोर ठेवून नुसती त्याच्याकडे बघत बसते? (तीर्थरूप लिहिलं की अहोजाहो करायला हवं, हे मला कळतं. पण दोन वाक्यांतच माझी दमछाक होते. तेव्हा नमस्कार वाकून केला आहे असं धर आणि बाकीचं पत्र अरेतुरेत वाच.) मी बरी आहे. मशीन बरं आहे. दुकानाचा जिना तेवढा पूर्वीसारखाच आहे, म्हणजे वर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिली दोन मिनिटं नुसतं धापा टाकतं आणि मला माप मनासारखं घेता येतं.

मागे तू आला होतास तेव्हा म्हणालास की, गाडी चालवताना फोन हातात धरला तर दंड, हा कायदा आल्यापासून तसं करणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि वाहतूक खात्याचा तो अहवाल तू स्वतः टाइप केलास. मी मान डोलावली. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दुसऱ्याने शिवलेला कपडा हातात आला की मी आधी तो उलटा करून आतली शिवण बघते. माझी कापायची फळी खिडकीशी आहे, खिडकीखाली सिग्नल आहे आणि पहिल्या मजल्यावरून थांबलेल्या गाडीच्या पुढच्या काचेतून बघितलं की चालकाची थेट मांडी दिसते. इतकी वर्षं मी त्या मांड्यांकडे लक्ष दिलं नव्हतं. आता मापाच्या वहीत मागच्या पानांवर रेघा ओढायला लागले. शंभर गाड्या झाल्या की एक पान.

पहिल्या पानावर सत्तावीस जण फोनमध्ये निघाले. मला वाटलं, दिवस वाईट असेल. दुसऱ्या पानावर एकतीस. गंमत अशी की, कायद्याआधी लोक फोन स्टिअरिंगच्या चाकावर टेकवून लिहायचे, म्हणजे निदान नाकासमोर रस्ता तरी असायचा. आता पकडलं जाऊ नये म्हणून तो मांडीत गेला आणि मानही त्याच्यामागे गेली. वरून बघणाऱ्याला वाटावं, सगळं शहर गाडीत बसून सुईत दोरा ओवतंय. म्हणजे तुझा अहवाल खोटा नाही, दादा. रस्त्यावरून मोजलं तर फोन निम्मेच दिसतात. उरलेले निम्मे माझ्या मजल्यावरून दिसतात.

सिग्नलवरचे हवालदार माझे गिऱ्हाईक. (दर सहा महिन्यांनी त्यांची पॅंट कमरेत सैल करायला येते. कापड आता संपलं आहे, हे त्यांना सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही.) त्यांना मी वर बोलावून खिडकीशी स्टूल दिलं. पाच मिनिटं ते खाली वाकून मांड्या मोजत होते. मग म्हणाले की, खाली उभं राहून आपल्याला यातलं काहीच दिसत नाही, प्रत्येक गाडीत वाकून बघायचं तर कंबर जाईल. एवढं बोलून ते एका निळ्या गाडीसाठी जिना उतरून धावले. खाली पोचेपर्यंत सिग्नल हिरवा. परत वर आले, परत धावले. असं चार वेळा झाल्यावर आम्ही कामाची वाटणी केली: मी वर बसायचं, मांडीत फोन दिसला की माझी पिवळी मापाची टेप खिडकीबाहेर सोडायची, ती ज्या रांगेवर लोंबेल त्या रांगेत त्यांनी शिरायचं.

पहिल्या दुपारी चौदा जण सापडले. दुसऱ्या दिवशी सहा. आठवड्याने एक, तोही दुसऱ्या गावचा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, एका पाहुण्याच्या कोटाला त्या भरात तीनच्या जागी चार काजं पाडली. म्हटलं, कायदा चालतो, फक्त त्याला डोळे हवेत. नंतर एकदा सहज पुढच्या सिग्नलपर्यंत चालत गेले आणि तिथे बघते तर सगळ्यांच्या माना खाली. आपल्या इथे गप्प बसलेली माणसं तिथे जाऊन साठलेलं लिहीत होती. आणि आमच्या सिग्नलवर काय, तर लोक थांबले की आधी वर माझ्या खिडकीकडे बघायचे, टेप दिसली नाही की खाली मांडीत. (काही जण ओळखीचं हसायचेसुद्धा.) म्हणजे एवढं करून चालकांना बघायला मी आणखी एक जागा दिली, आणि तीही रस्ता सोडून.

इथपर्यंत हसायला हरकत नव्हती. 

आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांचा कोट माझ्याकडे शिवायला होता. गेल्या सोमवारी सकाळी माझा फोन वाजला. त्यांचा मेसेज: ‘बाही झाली का?’ मी खिडकीतून बघितलं तर त्यांची पांढरी गाडी बरोबर खाली, सिग्नलला पहिली, आणि मान मांडीत. हवालदार पलीकडच्या बाजूला. मी टेप सोडायला हवी होती. ते न करता मी लिहिलं, ‘डावी की उजवी?’ का लिहिलं, ते तुला खरं सांगते. मला बघायचं होतं त्या उत्तर देतात का. निव्वळ कुतूहल. दोन्ही बाह्या माझ्यासमोर फळीवर तयार पडल्या होत्या.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने भोंगा वाजवला तशी गाडी हलली, मान मात्र खालीच. समोरून आमचे किल्लीवाले काका सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होते, शेवटची चार पावलं उरली होती. गाडी अगदी हळू होती. काका सायकलीसकट आडवे झाले, त्यांची पेटी उघडली आणि सगळ्या रस्त्यावर किल्ल्याच किल्ल्या. त्याच क्षणी माझ्या हातातला फोन वाजला. डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं होतं: ‘उज’. एवढंच.

काकांचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्यांना दवाखान्यात डॉक्टरीणबाईच घेऊन गेल्या, फोन डिकीत टाकून. याआधी त्यांना दोनदा दंड झाला होता, तेव्हा तो डिकीत गेला नव्हता. आम्ही बाकीचे भर रस्त्यात ओणवे होऊन किल्ल्या वेचत होतो. नंतर हवालदार जबाब लिहायला वर आले. मी त्यांना माझा फोन दाखवला आणि म्हटलं, माझंही नाव लिहा, प्रश्न मी विचारला होता. त्यांनी तिन्ही मेसेज वाचले, वेळ बघितली आणि पेनाला टोपण लावलं.

“लिहिणाऱ्याला कलम आहे, बाई,” ते म्हणाले. “विचारणाऱ्याला नाही.”

तेव्हापासून दुपारी दोन तास मी काकांच्या टपरीवर बसते. ते डाव्या हाताने दाखवतात, मी कानस चालवते. माझ्या पहिल्या तीन किल्ल्यांनी एकही कुलूप उघडलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, टेपचं आणि त्या प्रश्नाचंही. वाटलं रागावतील. ते म्हणाले, “तुम्ही वरून बघत होतात, तर मला हाक का नाही मारलीत?”  हाक मारायचं मला सुचलंच नाही, दादा, कारण मी फोनकडे बघत होते.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी धाकटी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर आलंच नाही. काल रात्री जेवल्यावर तुझे मला आलेले गेल्या महिन्याभरातले मेसेज वहीत मांडले. एकूण अडतीस. त्यातले तेहतीस सकाळी सव्वानऊ ते पावणेदहा. तू घरून नऊला गाडी घेऊन निघतोस आणि दहाला टेबलावर असतोस, हे वहिनीकडून खात्री करून घेतलं आहे. (काही सांगितलेलं नाही. नुसतं विचारलं.) त्या तेहतीसही मेसेजना मी लगेच उत्तर दिलं आहे आणि एकोणीस वेळा उलट प्रश्न विचारला आहे. तेव्हा तुला एवढीच विनंती: गाडीत बसल्यावर मला लिहू नकोस. तो अहवाल तू टाइप केलास म्हणून नव्हे, मला तुझ्याशी भांडायला अजून बरीच वर्षं हवी आहेत म्हणून.

ता. क. २. पाकीट चिकटवायला घेतलं आणि तुझा मेसेज आला: ‘तुझ्या दुकानाचा जिना किती पायऱ्यांचा ग?’ घड्याळात नऊ वाजून बावीस मिनिटं. मी फोन कापडाच्या ताग्याखाली ठेवला आहे. आता दहाला दहा कमी आहेत. पोचलास का, हे विचारायला हात शिवशिवतो आहे. पण विचारलं तर तू उत्तर देशील. म्हणून नुसती बसून आहे.