उजवी स्टिक

२८ जून
मिळाला! वरसे गावातल्या ओळखीच्या विशालकडून जुना गेम कन्सोल. "ताई, गरम होऊन बंद पडतो, सांगून ठेवतो हां." म्हटलं, दे इकडे. लग्नाआधी कंपनीत सर्किट बोर्डच सोल्डर करत होते मी. याचा ताप उतरवणं म्हणजे किस झाड की पत्ती! रोह्याहून एसटीत मांडीवर घेऊन आले.
हमरापूरला दारातच सासूबाई — "यो कसला डबा आनलास गो?"
म्हटलं, औषध.

२९ जून
उघडला. पंख्यात धुळीचा नुसता लगदा. साफ केला, चिपवरची वाळकी पेस्ट खरवडून नवी लावली. दुपारभर चालवला, ढिम्म तापला नाही.
आता खरं काम — नवऱ्याचा, प्रणितचा, उजवा हात. अर्धांगाचा झटका आल्यापासून बोटं वळत नाहीत. फिजिओ म्हणतात हलवत राहा, आणि आमचे साहेब रबरी चेंडू कोपऱ्यात भिरकावतात. आमच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपती डोळ्यांविना रांगेने उभे आहेत. डोळ्यांची आखणी आजवर त्याच्याशिवाय कुणी केलेली नाही. यंदा बाहेरचा माणूस आणला तर हा उभा मोडेल. कन्सोलवरच्या गाड्यांच्या शर्यतीला मात्र नाही म्हणणार नाही. बघतेच कसा म्हणतो!

२ जुलै
हुशारी पाण्यात! गाडी वळवायची स्टिक कंट्रोलरच्या डावीकडे असते, हा खुशाल डाव्या अंगठ्याने खेळतोय. उजवा मांडीवर आरामात.
दुपारी कारखान्यातही तेच. डाव्या हातात ब्रश. सासूबाई कडाडल्या, "देवाच्या डोल्यांना डावा हात लावतोस व्हय रे? नाय चालाचा!" मीही त्यांचीच री ओढली. ब्रश ठेव खाली म्हटलं, उजवाच परत आणू. त्याने ठेवला.

३ जुलै
कंट्रोलर उघडला. डाव्या स्टिकचं कनेक्शन तोडून बारीक वायरींनी उजवीला जोडलं. आता गाडी वळेल ती उजव्याच अंगठ्याने, डावी नुसती शोभेला. टाके कसे — मोत्यासारखे!
प्रणित शेजारी बसून बघत होता. कुठली वायर कुठे जाते, तोडलेलं परत जुळतं का, सगळं विचारलं. किती दिवसांनी एवढं बोलला!

५ जुलै
चिडलाय. गाडी नुसती भिंतीला आपटतोय. आपटू दे.

१४ जुलै
जिंकला!! भाजी गॅसवर टाकून धावले. अंगठा उजव्या स्टिकवरच! पण मी उभी राहिले की गाडी पुन्हा भिंतीत. म्हणाला, "तू बघतेस ना, हात बिचकतो." बरं बाबा, नाही बघत. मला तसंही तो खेळ बघून गरगरतं.
सोल्डरची तार संपत आलीय. एवढी वापरली मी?

२ ऑगस्ट
डोळे आखले! गेला आठवडाभर दार लावून बसत होता, आईलाही आत घेईना. आज संध्याकाळी दार उघडलं. आत गेले आणि थबकलेच. सगळे माझ्याकडेच बघत होते. नजर यंदा जरा मऊ आहे, मला तर जास्तच आवडली.
सासूबाईंना रडू आवरेना. "माज्या पोराचा हात आला गो!" मग आळीभर सांगत सुटल्या, सुनेने केलं, सुनेने केलं. मी वरवर नाही नाही म्हणत होते. आतून टम्म फुगले होते, इथे कशाला खोटं लिहू!

९ ऑगस्ट
बॅटरी बदलायला कंट्रोलर उघडला.
उजव्या स्टिकला एकही वायर नाही. माझे मोती सगळे काढलेत. डावी परत जोडलीय — सोल्डरच्या गुठळ्या, कडेचं प्लास्टिक जळालेलं. उरलेल्या तारेचं टोक बघितलं. दातांच्या खुणा. तार दातात, सोल्डरिंग आयर्न डाव्या हातात.
म्हणजे देवाचे डोळेसुद्धा डाव्यानेच.
आधी राग आला. मग मी खाली ठेवायला लावलेला तो ब्रश आठवला, आणि रडले.
टाका नखाने ओढून बघितला. सुटत नाही.
बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "बिघडला काय गो?"
म्हटलं, "नाय. चालतंय."
स्क्रू परत लावले.