खिशातला फ्यूज

अण्णा, तुम्ही गेल्यावर तुमच्याच जागेवर मी लाईनमन म्हणून लागलो, हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्या हाताखाली उन्हाळाभर राबलो तेव्हा घनसावंगीच्या एका शेतात तुम्ही खांबावर असताना लाईन बंद ठेवायला काढलेला फ्यूज मी शेतकऱ्याच्या हातात दिला होता. उतरून तुम्ही चारचौघांत माझ्या थोबाडीत दिलीत. म्हणालात, "वरचा माणूस सोताच्या तोंडानं आलो म्हणंस्तोर फ्यूज खिशातून काढायचा न्हाई. बाप मागाया आला तरी." राग आला होता. आजही थोडा आहे.

कोकणात वादळ झालं तेव्हा अंबडच्या ऑफिसात 'तिकडे कोण जातं' असं विचारलं, आणि मी हात वर केला. आठ दिवसांचे वीस झाले. वाडीत पाणी नाही, मोबाईलला रेंज नाही, वाटेवर आंबे आडवे पडलेले. माझ्याबरोबर आलेला जोडीदार लाईनमन टेकाडापलीकडे खांबावर तार बांधतोय, इकडे मी डीपीला, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला, पाठ लावून बसलोय आणि अख्खी वाडी माझ्याभोवती. आधी चहा आला, मग विनवण्या, मग शिव्या. एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन समोरच बसली. नुसती बघत राहिली. ते मला सोसेना. उठून जावं तर डीपी कोणाच्या भरवशावर सोडू? तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, "उतरला हो तो. मी बघितलाय."

मी फ्यूज बसवला, अण्णा.

दिवे लागले, मोटार सुरू झाली, लोकांनी हात जोडले. मी मात्र वाटेकडे बघत होतो. पंधरा मिनिटांनी जोडीदार चालत आला.

"पक्कड पडली म्हून उतरल्तो, काम तर बाकीच हाय," तो म्हणाला. "मी उतरलेला तुला दिसलो, बराबर?"

टेकाडापलीकडचं काय दिसणार होतं? मी हो म्हणालो.

परतल्यावर ऑफिसात शाल, नारळ झालं. आता जोडीदार सगळ्यांना सांगतो, याच्या भरवशावर डोळे झाकून चढावं. दरवेळी चढण्याआधी फ्यूज काढून माझ्याच हातात देतो, दुसऱ्या कोणाला देत नाही. नको म्हणावं तर कारण सांगावं लागेल. घ्यावा तर तो वर असेपर्यंत खिशावरचा हात काढत नाही.

तुम्ही नाही म्हणून हे लिहू शकलो. तुम्ही असता आणि 'तो उतरलेला दिसला होता का' असं विचारलं असतंत, तर तुमच्यापुढेही मी हो म्हणालो असतो.