बंबाची तोटी

रत्नागिरी, शनिवार

तीर्थरूप सौ. ऋजुताताईस,
सलिलचा साष्टांग नमस्कार. अलोऱ्याला सगळे बरे असाल. भावोजींचा गुडघा कसा आहे? फोनवरच विचारणार होतो, पण तुझा फोन हल्ली आई उचलते आणि माझं नाव समोर दिसत असताना "कोण बोलतंय?" म्हणते.

मंगळवारी ती तुझ्याकडे का आली, त्याची तिची बाजू तू ऐकली असशीलच. आता माझी ऐक. यंदा थंडी उशिरा पडली. कलमांना मोहोर दोनदा आला आणि दोन्ही वेळा मळभानं काळा पडला. हवामान बिघडतंय त्यात आपल्या घराचा वाटा किती, हे मी आठवडाभर रोजनिशीत लिहून काढलं (रोजनिशीला किती कागद लागतो, त्याचीही नोंद आहे). मग कापडी पिशव्या आल्या, प्लॅस्टिकचे डबे गेले. ("नवराही बदलून मिळतो का बघ," इति भार्गवी.)

शेवटी उरला आईचा अंघोळीचा बंब. नारळाची सोडणं आणि बागेतला वाळका पातेरा जाळून रोज पहाटे धूर! मी छपरावर सौर हीटर बसवला, पातेऱ्याला खताचा खड्डा खणला (त्यात परवा फुरसं निघालं, तेव्हापासून खत आपलं आपण होतंय) आणि बंब पडवीत नेऊन ठेवला. इथवर आई गप्प होती. पण सोमवारी फवारणीला आलेल्या धाकूसमोर मी बोलून गेलो की, मोहोर जातो त्याला असे घरोघरचे बंबही थोडे कारण आहेत. ("थोडे" म्हणालो होतो. तो शब्द आता कुणालाच आठवत नाही.)

"हो तर! मी न्हायले नि तुझा मोहोर करपला!" आई कडाडली. "झाडानं टाकलेलं जाळत्ये मी, झाड नाही जाळत. पन्नास वर्षं जाळत्येय, तेव्हा बरा लागायचा आंबा!" त्यावर धाकूनं, कुणी विचारलेलं नसताना, धुरानं मोहोरावरचे तुडतुडे पळतात अशी माहिती पुरवली. दुसऱ्या दिवशी ती निघाली. तीही एसटीनं आणि कापडी पिशवी घेऊन, म्हणजे मला बोलायला जागा नको.

आणि ताई, त्याच दिवसापासून पुन्हा मळभ! ज्या हवामानाला घाबरून हीटर बसवला, त्याच हवामानानं तो गार पाडला. विजेवर चालवावा, तर ती वीज कोळसा जाळून येते. आणि कोळसा काही दरवर्षी झाडाला लागत नाही. चार रात्री विचार करून मी आईच्याच मुद्द्यावर येऊन पोचलो आहे. हे तिला सांगू नकोस. सध्या तत्त्व म्हणून गार पाण्यानं अंघोळ करतो आहे.

तुझा,
सलिल

ता. क. तत्त्व कालपर्यंतच होतं. सर्दी झाली म्हणून आज बंब न्हाणीत परत आणून भरला, तर सगळं पाणी माझ्या पायावर. बंबाची तोटी जागेवर नाही. आईच्या पिशवीत काही पितळी वाजतंय का, बघ.

आणखी एक. नुसती तोटी पाठवू नकोस. तसली तोटी इथं बाजारात मिळते. मी दुपारी बघून आलो आणि न घेता परतलो. जिनं काढली तिनंच येऊन लावायची.