थंडीतला पहिला रोहू

आण्णा, तुमची गळाची काठी काल माळ्यावरनं खाली काढली. तुम्ही गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता, आणि मी तरी घरात टिकतो कुठं? कधी गोव्यात, कधी हंपीला, मधे बेळगावात एका आइस्क्रीमच्या गाडीवर. आईला टायफॉईड झाला म्हणून कोडोलीला परत आलो. ताप उतरला, पण तोंडाची चव काही परत आली नाही. दोन घास खाते आणि ताट सरकवते. डॉक्टर म्हणतात, अशीच राहिली तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागंल. परवा भिंतीकडं तोंड करून पडल्या पडल्या म्हणाली, "तळ्यातला रोहू असता तर खाल्ला असता." मी लगेच कोल्हापूरच्या बाजाराला निघालो, तर म्हणते, "बर्फातला नको."

म्हणून काल पहाटेच तळ्यावर गेलतो. वाटेत गुऱ्हाळ लागलं. आमिषाच्या शेंगपेंडीत मळायला जराशी काकवी मागून घेतली, त्यातली निम्मी तिथंच चाटली, मग कढईतला फेस कसा काढतात ते बघत उभा राहिलो. माझं हे असं. तरी तळ्यावर पोचलो तेव्हा धुकं होतंच. गळ टाकला. काही नाही. पलीकडं गाद्या भरणारे चाचा, तुमचे जुने सोबती, कानाला मफलर गुंडाळून बसलेले. "काय पावणं! मासं अजून अंथरुणात हाईत. बापानं शिकवलं न्हाय व्हय?"

शिकवलं होतं की. मी लहान आहे, तुम्ही काठावरच्या काळ्या दगडावर माझा तळवा दाबून धरलाय. "गार हाय न्हवं? मग माशालाबी गार हाय. दगड ऊबदार झाला की गळ टाकायचा." तोवर नुसतं बसायचं, आणि मला तेच जमायचं नाही. मी खेकड्यामागं, नाहीतर कुणाच्या तरी म्हशीमागं. "पाय हाईत का चाकं रं?" म्हणून तुम्ही ओरडायचा, आणि परत आलो की मूठभर शेंगा सोलून द्यायचा. थंडीत रोहू हिसका देत नाही, दोरीला बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर नुसती श्वास घेतल्यासारखी हलते, हे तुम्ही बोट करून दाखवत असायचा तेव्हा मी घारीकडं बघत असायचो.

काल बघितलं, आण्णा. दगड तापला, काडी जराशी कलली, आणि मी ओढलं. हातभर रोहू! चाचा टाळी वाजवून उठले आणि परत खाली बसले. "थंडीतला पहिला हाय रं ह्यो. तुझा बाप पहिला पाण्याला द्यायचा." ते मला ठाऊक होतं. तुम्ही एका वर्षीही मोडलं नाही. मी म्हटलं, "चाचा, आई जेवत न्हाय." चाचांनी मफलर सोडला, परत बांधला. दुसरा मिळाला की हा सोडू, असं ठरवून मी तो बादलीत ठेवला. ऊन उतरलं तरी दुसरा आला नाही. मी बादली उचलली आणि चालायला लागलो.

घरात पाऊल टाकलं, आणि आईनं विचारलंच, "पहिला सोडलास न्हवं?" मी नाही म्हणून मान हलवली. ती उठून बसली, बादलीत वाकून बघितलं. मग म्हणाली, "लगीन झालं त्या थंडीत ह्यांनी असाच जिता आणलता. माझं माहेर माळकरी. त्यो तोंड उघडमीट करायला लागला आणि मी रडाय लागले. हे तसंच जाऊन तळ्यात सोडून आले. तवापास्नं, मी मासं खायला लागल्यावरबी, दर वर्षी पहिला माझ्यासाठी सोडायचे." तिनं पदर खोचला. "म्हंजे ह्यो माझाच की. आण हिकडं, तुला धड कापता यायचा न्हाय."

विळीवर बसून, खवलं उडवत, माझ्या सगळ्या भटकंतीचा उद्धार करत तिनं तो साफ केला. रस्सा केला. जेवली.

हे पत्र मी घडी करून पिशवीच्या तळाला ठेवणार आहे, तिच्या हाती नको लागायला. कारण तिनं दुसरी भाकरी मागितली तेव्हा मी डोळं पुसत होतो, आणि डोळ्यात धूर गेला म्हणून सांगितलं. आपल्याकडं आता गॅस हाय, आण्णा.