बॉनेट तेवढं ठेवलंय

१४ मार्च

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे सगळे बरे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि बाबाही.

"तुझ्या हाताला कळतच नाही कुठे थांबायचं." बाबा तुला असं म्हणाले त्याला सत्तावीस वर्षं झाली. परवा गॅरेजमध्ये ते वाक्य एकदम आठवलं. का, ते सांगते. आधी बातमी ऐक: आपली जुनी हिरवी गाडी चमकायला लागलीय! आणि चमकवतेय मी!

पॉलिशचं मशीन पेंटरकाकांचं. शिकवलंही त्यांनीच. पहिल्या दिवशी मी सगळा जोर लावून दाबत होते, तर म्हणाले, "अगं पोरी, घासायचं काम मशीनचं. तू त्याला नुसतं फिरवून आण." कडेला रंग पातळ असतो, म्हणून कडांना टेप. पॅडवर वाटाण्याएवढं पॉलिश. मग हळू, अगदी हळू.

दारावरचा दुधाळ थर गेला आणि खालून असा हिरवा रंग वर आला की मी ओरडलेच. बाबा काठी न घेताच धावत आले.

"काय जाळलंस?"

"काही नाही! बघा तर!"

दारात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. "हा म्हातारा कोण?" म्हणाले. किती हसलो!

मग पेंटरकाकांनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. दारावर आकडा एकशे वीस. बॉनेटवर, तेव्हा मशीन फिरवताना तुझ्या हातून रंग जाऊन राखाडी अस्तर उघडं पडलं होतं ना, त्या डागाभोवती चाळीस. पण तुझं मशीन जिथे पोचलंच नव्हतं, तिथेही पंचेचाळीस! "हे मशीननं नाही गेलेलं," काका म्हणाले, "कुणीतरी वर्षानुवर्षं हातानं घासलंय."

दादा, मला ते तेव्हाच माहीत होतं.

दर रविवारी बाबा बॉनेट घासायचे आणि फडकी धुवायला माझ्याकडे यायची. बादलीतलं पाणी हिरवं व्हायचं. रंग संपत चाललाय, हे सोळाव्या वर्षीही कळत होतं मला. त्या दिवशी तू मान खाली घालून बोलणी खात होतास आणि मी चार हातांवर गप्प उभी. बाबांना घाबरले. पुढे तू ते कामच सोडलंस, घर सोडलंस. तेव्हा कसली भीती होती? तरी गप्पच.

काल बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग एवढंच विचारलं, "त्याला कळवलंस?"

बाकी गाडी झाली. बॉनेट तेवढं ठेवलंय. इतक्या पातळ रंगावर मऊ पॅड एकदाच फिरवता येईल, दुसऱ्यांदा नाही. काका करायला तयार आहेत. मी त्यांना थांबवलंय.

तू नाही म्हणशील, आणि ते चूक नसेल. तरी विचारते. येत्या रविवारी येऊन ते मशीन तू धरशील?

उशिरा बोललेली,
तुझी छोटी