दादाच्या डोळ्यांचा पाठ

३ मार्च

दादाला प्रयोगात घेतलं! नात्यातला रोगी घेत नाहीत, पण मंत्र-प्रयोगशाळेत पाठ म्हणणारे आता आम्ही दोघेच उरलोय, आणि दुसऱ्याकडे जागा नाही. भीत भीत मोठ्या बाईंना विचारलं. सगळं त्यांच्याच शब्दावर चालतं. म्हणाल्या, "कुठला पाठ म्हणतेयस हे तुलाच ठाऊक नसणार. मग नातं काय दिवे लावणार?"

दादा घड्याळं दुरुस्त करतो. करायचा. आता भिंग लावूनही दिसत नाही. परवा गिऱ्हाइकाच्या घड्याळातली स्प्रिंग उडाली, तर फरशीवर गुडघे टेकून चाचपत बसला. वहिनीनं दुकानाचं दार लावून घेतलं. कुणी बघू नये म्हणून.

५ मार्च

पहिला दिवस. पद्धत लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

पाठ दोन. एक खरा, दृष्टीचा. दुसरा पोकळ — त्याचीच अक्षरं मागेपुढे केलेली. अर्थ दोन्हींचा कुणालाच लागत नाही. निम्म्या रोग्यांना हा, निम्म्यांना तो. मला रोग्यागणिक पाठाचा कागद मिळतो; त्यातला खरा कुठला, ते फक्त मोठ्या बाईंना माहीत. काचेच्या वाटीत पाणी. त्यावर मी पाठ म्हणायचा, मग ते पाणी रोग्याच्या डोळ्यांत घालायचं. शेजारी मापाची सुई असते. ती दोन्ही पाठांना हलते. ती बघायला आमचा मदतनीस, मी त्याला बगळा म्हणते — उंच, पांढरा कोट, एका पायावर उभं राहायची खोड.

नियम एकच, पण कडक: ज्या डोळ्यांना जो पाठ सुरू केला, तोच शेवटपर्यंत. मध्येच बदलला तर डोळे हातचे गेले.

दादाच्या कानात कापूस. माझ्याकडे बघून हसत होता. म्हणजे खिडकीकडे.

९ मार्च

एक गोष्ट लक्षात आली. एक पाठ म्हटला की जीभ बधिर होते, कडू पडते — गोळी चघळल्यासारखी. दुसरा म्हटला की काहीच नाही. अगदी काहीच.

दादाचा पाठ म्हणताना काहीच होत नाही.

१० मार्च

आजही नाही.

१२ मार्च

ज्यात जोर आहे तो जाणवणारच ना! दादाच्या वाट्याला पोकळ पाठ आलाय. नुसता आवाज. आणि तो बिचारा म्हणतो, "काल खिडकीचे गज सुटे सुटे दिसले बघ!" मनाचे खेळ. आशेपोटी माणसाला काय काय दिसतं. "छान झालं," म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ सोडला. रडणं ऐकू जाऊ नये.

१५ मार्च

वहिनी दारातच गाठ पडली. "वन्सं, तुम्हाला कळत असेलच ना? खरं औषध मिळतंय ना ह्यांना?"

म्हटलं, नियम आहे. सांगता येत नाही.

"नियम घाला चुलीत! सख्खा भाऊ आहे तुमचा."

प्रयोग ऑगस्टपर्यंत चालणार. तोवर दादाला बघण्यासारखं काय उरेल?

१६ मार्च

दिवसभर एकच विचार. पाठ बदलायचा नाही, हे खरं. पण पोकळ पाठ हा पाठच नाही. रिकामी वाटी बदलून भरलेली दिली तर त्यात बदललं काय?

१७ मार्च

केलं.

हातात कागद दादाचा, तोंडात पाठ दुसरा. रोज इतरांसाठी म्हणून तो तोंडपाठच झालाय. जीभ अशी कडवट झाली की आनंदाच्या भरात वाटी सांडायचीच राहिली. बगळ्यानं मान वर केली. "सुई आज वेगळी हलली."

"घसा बसलाय माझा."

बगळा दुसऱ्या पायावर उभा राहिला.

२४ मार्च

दादा म्हणतो, डोळे चुरचुरतात. चुरचुरू देत! लागू पडतंय.

८ एप्रिल

भर दुपारी दादानं विचारलं, "दिवा लावला नाहीत का अजून?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, रोग हटण्याआधी उसळी मारतो. कुठं ऐकलंय हे? आठवत नाही. पण असंच असणार.

२९ मे

गजांचं तो आता बोलत नाही. मीही विचारत नाही. जोर लावून म्हणते. इतका की घरी आल्यावरही चव लागत नाही, मीठ जास्त की कमी कळत नाही.

११ जुलै

दादाला आता काहीच दिसत नाही. सावलीसुद्धा नाही. वहिनीनं त्याचे चिमटे, पेचकस, भिंग फडक्यात गुंडाळून कपाटाच्या तळाला ठेवले. त्याला आवाजावरून कळलं. म्हणाला, "राहू दे ग बाहेर. हाताला सवय आहे."

निघताना मला हाक मारली. चेहरा माझ्याकडे वळवला, थोडा चुकला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू केलंस तेवढं कुणी कुणासाठी करत नाही."

रस्ताभर एकच — उशीर झाला. आधीच बदलायला हवा होता. नियमाला धरून बसले आणि ते बारा दिवस फुकट गेले.

२० ऑगस्ट

निकाल. मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. खूश होत्या, इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, खरा पाठ सगळाच्या सगळा पाण्यात उतरतो, म्हणणाऱ्याच्या जिभेवर काही ठेवत नाही. कडवट लागतो तो पोकळ — पाण्यात उतरत नाही, म्हणून जिभेवर साचतो. खऱ्या पाठाचे सगळे रोगी सुधारले. एक सोडून.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटतं ग, तो एक नेमका तुझा भाऊ. पण असं का झालं, हे शोधायलाच हवं. तूच शोध."